गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी चढवताना पाइपात किती घर्षण लागणार, ते आधीच कसं काढायचं

मुंबईत जवळपास प्रत्येक बिल्डिंगचं एकच गणित आहे, महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, ते खालच्या टाकीत साठतं, आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवावं लागतं. पंप बदलायची वेळ आली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं तीन एचपीचा (हॉर्सपॉवरचा) टाका, कोणी म्हणतं पाचचाच टाका, नंतर कटकट नको. पण पंपाला नक्की किती जोर लावायचा आहे हे कागदावर काढता येतं, आणि ते काढायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि एक मेजरटेप पुरते. उंची सगळ्यांनाच कळते, अडतं ते घर्षणापाशी. म्हणून हा लेख फक्त घर्षणावर.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण सगळा लेख तिच्याभोवती आहे. सूत्र कोणतं वापरायचं यावर लोक फार वेळ घालवतात, खरा फरक पडतो तो पाइपाचा आतला व्यास आणि आतल्या भिंतीची अवस्था या दोन गोष्टींनी. सूत्रांमधला फरक एखाद्या टक्क्याचा असतो, व्यास चुकला तर उत्तर दीडपट-दुप्पट चुकतं.

उदाहरण ठरवून घेऊ

सात मजली बिल्डिंग धरा. दोन इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा. खालच्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत पाइपाची एकूण लांबी ४० मीटर, आडवा-उभा सगळा धरून. पाण्याच्या पातळीपासून वरच्या तोंडापर्यंत सरळ उंची २८ मीटर. तासाला १२,००० लिटर पाणी वर जायला हवं. तुमच्या बिल्डिंगचे आकडे वेगळे असतील, ते आपापले टाका, पद्धत तीच.

पायरी १: आतला व्यास. इथे घाई करू नका

दोन इंची हे नुसतं नाव आहे, आत दोन इंच असतातच असं नाही. जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास सगळ्या क्लासला साधारण ६०.३ मिमी असतो कारण आटे आणि फिटिंग जुळायला हवेत, जाडी जी वाढते ती आतल्या बाजूला. ए क्लास म्हणजे पिवळा पट्टा, जाडी २.९ मिमी, आत ५४.५ मिमी. बी म्हणजे निळा पट्टा, जाडी ३.६, आत ५३.१. सी म्हणजे लाल पट्टा, जाडी ४.५, आत ५१.३. तीन मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण ठराविक पाणी न्यायचं असेल तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने उलटं बदलतं, त्यामुळे ए ऐवजी सी टाकला की त्याच पाण्याला साधारण ३५ टक्के जास्त घर्षण लागतं. सी क्लास टाकू नका असं मी म्हणत नाहीये, जाड पाइप टिकतो जास्त, फक्त हिशोबात ५१.३ घ्या, ५० किंवा ५४ नको.

प्लास्टिकमध्ये तर आणखी सांभाळा. सीपीव्हीसीचा दोन इंची एसडीआर ११ पाइप (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) बाहेरून ५४ मिमी असतो आणि भिंत जवळपास ४.९ मिमी, म्हणजे आत फक्त ४४.२ मिमी. नागदेवी स्ट्रीटवर दुकानात उभे असाल तर पाइपाचं तोंड समोरच असतं, व्हर्नियर लावून मोजून घ्या. या फरकाने काय होतं ते पुढे बघू, ते बघण्यासारखं आहे.

आपल्या उदाहरणाला ५३ मिमी घेऊ.

पायरी २: वेग

१२,००० लिटर तासाला म्हणजे सेकंदाला ३.३३ लिटर, म्हणजेच ०.००३३३ घनमीटर. आतलं क्षेत्रफळ ०.७८५ गुणिले व्यासाचा वर्ग, ०.०५३ मीटर टाकलं की ०.००२२१ चौरस मीटर. भागाकार केला की वेग येतो १.५१ मीटर प्रति सेकंद. रायझिंग लाइनला, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या पाइपाला, एक ते दोनच्या मध्ये असणं बरं, दोनच्या वर गेला तर पाइप मोठा करायचा विचार करा.

पायरी ३: रेनॉल्ड्स नंबर

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं होतं की प्रवाह शांत, थरांनी जाणारा असतो किंवा खळबळीचा, आणि कोणता असणार हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, सोप्या भाषेत पाण्याचा दाटपणा. पाइपात तो साधारण २,००० च्या खाली असेल तर शांत, ४,००० च्या वर गेला की टर्ब्युलंट, म्हणजे खळबळीचा.

व्हिस्कॉसिटी पाण्याच्या तापमानावर असते. पुस्तकात २० डिग्रीचं पाणी धरून १.० × १० चा उणे ६ वा घात देतात, पण मुंबईच्या टाकीतलं पाणी २७-२८ डिग्रीचं, त्याला ०.८५ × १० चा उणे ६ वा घात घ्या. एवढ्या शून्यांमध्ये हिशोब फसू शकतो म्हणून सोपं करतो: १.५१ × ०.०५३ = ०.०८, त्याला ०.८५ ने भागा आणि दहा लाखांनी गुणा. आलं साधारण ९४,०००.

म्हणजे पक्का टर्ब्युलंट. या पाइपात प्रवाह शांत ठेवायचा तर वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर एवढाच ठेवावा लागेल, टाकी भरायलाच दिवस जातील. बिल्डिंगच्या पाण्यात शांत प्रवाह विसरून जा.

पायरी ४: खडबडीतपणा, आणि तो कुठे नडतो

पाइपाच्या भिंतीवरच्या उंचसखलपणाची उंची मिलिमीटरमध्ये धरतात. नवीन जीआयला ०.१५, साध्या स्टीलला ०.०४५, बिडाच्या पाइपाला ०.२६, पीव्हीसी-सीपीव्हीसीला ०.००१५ किंवा त्याहून कमी. ही उंची भागिले व्यास हा आकडा आपल्याला हवा. आपला ०.१५ ÷ ५३ = ०.००२८.

नुसती उंची न घेता भागाकार का घ्यायचा? तानसावरून शहरात पाणी आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्यांचा विचार करा, समजा २,४०० मिमी व्यास आहे आणि आत दीड मिमी गंज धरलाय, तर भागाकार ०.०००६ येतो, म्हणजे आपल्या नव्या कोऱ्या जीआयपेक्षाही गुळगुळीत. तोच दीड मिमी गंज दोन इंचीत आला तर ०.०३. म्हणून गंजाने मोठ्या पाइपाचं होतं त्याच्या कैकपट नुकसान बिल्डिंगच्या लहान पाइपाचं होतं.

आता थोडं खोलात जाऊ कारण हे कळलं की पुढचं सूत्र पाठ करावं लागत नाही. टर्ब्युलंट प्रवाहातसुद्धा भिंतीला अगदी चिकटून एक अतिशय पातळ थर असतो जिथे व्हिस्कॉसिटीचं राज्य असतं. आपल्या उदाहरणात त्याची जाडी काढली तर सुमारे ०.०५ मिमी येते. प्लास्टिकचा खडबडीतपणा ०.००१५, तो या थराखाली पूर्ण बुडून जातो, वरच्या खळबळीला तो जाणवतच नाही, म्हणून प्लास्टिकच्या पाइपात घर्षण फक्त रेनॉल्ड्स नंबरवर ठरतं. जीआयचा ०.१५, म्हणजे थराच्या तिप्पट, अर्धवट बाहेर डोकावतोय, इथे दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. आणि जुन्या गंजलेल्या पाइपात दीड मिमीचे उंचवटे थर पार फोडून बाहेर येतात, तिथे व्हिस्कॉसिटीला कोणी विचारत नाही, घर्षण सरळ वेगाच्या वर्गाने वाढतं. एकाच बिल्डिंगमध्ये तिन्ही प्रकार सापडतील.

योहान निकुराड्झेने १९३३ मध्ये ग्योटिंगेनला पाइपांच्या आत वाळूचे एकसारखे कण चिकटवून हे तीन टप्पे मोजून दाखवले. पण बाजारातल्या पाइपात कण एकसारखे नसतात, काही उंचवटे आधी डोकं काढतात काही नंतर, त्यामुळे मधला टप्पा वाळूच्या पाइपासारखा वागत नाही. ते कोलब्रुकने १९३९ मध्ये एका समीकरणात बसवलं, आणि १९४४ मध्ये मूडीने त्याचा तो प्रसिद्ध चार्ट काढला जो आजही इंजिनीअरिंगच्या प्रत्येक पोराच्या वहीत चिकटवलेला असतो. ही समीकरणं प्रयोगातून बसवलेली आहेत, खळबळीच्या मूळ नियमांतून थेट घर्षण काढणं हा आजही संशोधनाचा विषय आहे. २००६ मध्ये गुस्ताव्हो जोया आणि पिनाकी चक्रवर्ती या संशोधकांनी भोवऱ्यांच्या ऊर्जेच्या वाटणीवरून निकुराड्झेच्या वक्रांचा आकार कसा निघतो हे दाखवलं, मला स्वतःला ते काम फार सुंदर वाटतं, पण टाकी भरायला ते लागत नाही, पुढे जाऊ.

पायरी ५: फ्रिक्शन फॅक्टर

कोलब्रुकचं समीकरण असं आहे, यात एफ म्हणजे फ्रिक्शन फॅक्टर:

१ ÷ √एफ = −२ × लॉग [ (खडबडीतपणा ÷ व्यास) ÷ ३.७ + २.५१ ÷ (रेनॉल्ड्स × √एफ) ]

लॉग दहाच्या पायाचा. अडचण ही की एफ दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे अंदाज धरून फेऱ्या माराव्या लागतात. यावर स्वामी आणि जैन यांनी १९७६ मध्ये थेट सूत्र दिलं, आणि ते मी सगळ्यांना सांगतो कारण एका झटक्यात उत्तर येतं:

एफ = ०.२५ ÷ { लॉग [ (खडबडीतपणा ÷ व्यास) ÷ ३.७ + ५.७४ ÷ (रेनॉल्ड्सचा ०.९ वा घात) ] } चा वर्ग

आपले आकडे टाका. पहिला भाग ०.००२८३ ÷ ३.७ = ०.०००७६५. ९४,००० चा ०.९ वा घात जवळपास ३०,०००, म्हणून दुसरा भाग ०.०००१९१. बेरीज ०.०००९५६, तिचा लॉग −३.०२, वर्ग ९.१२, आणि एफ = ०.०२७४.

कोलब्रुक फेऱ्या मारून सोडवला तर ०.०२७२ येतं. हालांडचं १९८३ चं सूत्र ०.०२७१ देतं. फरक एका टक्क्याच्या आसपास, आणि खुद्द खडबडीतपणाचा आकडाच तेवढा पक्का नसतो, मूळ समीकरणावरही दहा टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात. त्यामुळे दशांशाच्या चौथ्या घरासाठी भांडण्यात अर्थ नाही. पाणी २७ ऐवजी २० डिग्रीचं धरलं असतं तरी एक टक्काच फरक पडला असता.

एक सापळा मात्र आहे. केमिकल इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत फॅनिंगचा फॅक्टर असतो, तो आपल्या एफच्या, म्हणजे डार्सी फॅक्टरच्या, बरोब्बर एक चतुर्थांश. पुस्तकात कोणता आहे हे ओळखायचं तर शांत प्रवाहाचं सूत्र बघा, ६४ भागिले रेनॉल्ड्स असेल तर आपला, १६ असेल तर फॅनिंगचा, त्याला चारने गुणा. हे न बघता आकडा उचलला तर घर्षण चौपट चुकतं.

पायरी ६: मीटरमध्ये घर्षण

घर्षणामुळे पंपाला पाणी जणू आणखी किती मीटर उचलावं लागतं, त्याला घर्षणाचं हेड म्हणतात. डार्सी-वाइसबाखचं सूत्र: घर्षणाचं हेड = एफ × (लांबी ÷ व्यास) × (वेगाचा वर्ग ÷ १९.६२)

शेवटचा कंस म्हणजे २.२८ ÷ १९.६२ = ०.११६ मीटर, हा आकडा लिहून ठेवा, परत लागेल. ०.०२७२ × ७५५ × ०.११६ = २.४ मीटर.

आपल्याकडे पाणीपुरवठ्यात हेझन-विल्यम्सचं सूत्र फार चालतं, त्याने सी (पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा, सी क्लास नव्हे) १२० धरून हेच २.५ मीटर येतं. तेही वापरा, हरकत नाही, पण त्यात तापमान आणि व्हिस्कॉसिटी कुठेच नाहीत, त्यामुळे नेहमीच्या तापमानाचं पाणी सोडून दुसरं काही, तेल वगैरे, असेल तर ते वापरू नका.

पायरी ७: एल्बो आणि व्हॉल्व्ह

लहान बिल्डिंगमध्ये फिटिंगचं घर्षण सरळ पाइपाच्या निम्म्याच्या वर सहज जातं, ते सोडू नका. प्रत्येक फिटिंगला एक के असतो, त्याला त्या ०.११६ ने गुणायचं. आट्यांचा ९० चा एल्बो ०.९, उघडा गेट व्हॉल्व्ह ०.२, झडपेचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) २, जाळीसकट फूट व्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपाच्या तोंडाचा) साधारण २, आणि टाकीत पडताना शेवटचा १. आठ एल्बो, दोन गेट, एक एनआरव्ही, एक फूट व्हॉल्व्ह धरले तर बेरीज १२.६, म्हणजे १.५ मीटर. लाँग बेंड वापरले तर यातलं बरंच वाचतं, प्लंबरला आधीच सांगून ठेवा.

एकूण: २८ + २.४ + १.५ = ३२ मीटर. पंप घेताना त्याच्या कर्व्हवर, म्हणजे किती उंचीला किती पाणी देतो त्या आलेखावर, ३२ मीटरला तासाला १२ घनमीटर मिळतात का ते बघा. पाणी उचलायला १.०५ किलोवॅट लागतील, पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टला १.९, म्हणजे अडीच एचपीच्या थोडं वर, तीनची मोटर पुरते. मार्जिन ठेवायचंच तर घर्षणाच्या चार मीटरवर ठेवा, अख्ख्या ३२ वर वीस टक्के चढवू नका, उंची काही वाढणार नाहीये.

प्लास्टिक टाकलं तर?

सगळे सांगतात प्लास्टिक गुळगुळीत, घर्षण कमी. आतला व्यास ५३ च असता तर एफ ०.०१८ आणि घर्षण १.६ मीटर आलं असतं, म्हणजे बरोबरच आहे. पण दोन इंची सीपीव्हीसी एसडीआर ११ मध्ये आत ४४.२ मिमी. वेग २.१७ होतो, एफ ०.०१७६, आणि घर्षण ३.८ मीटर! गुळगुळीत पाइप खडबडीत पाइपापेक्षा जास्त घर्षण देतोय, आणि कारण फक्त जाड भिंत. म्हणून जीआय काढून प्लास्टिक टाकताना नावाने साइज मागू नका, आतला व्यास जुळवून मागा, बहुतेक वेळा एक साइज वर जावं लागेल. जीआयमध्येच अडीच इंची बी क्लास घेतला, आत ६८.९ मिमी, तर तेच २.४ मीटर पाऊण मीटरच्याही खाली येतात.

जुनी लाइन असेल तर मोजा, अंदाज बांधू नका

समजा दहा-पंधरा वर्षांत आत गंज धरून बोअर, म्हणजे आतला मोकळा व्यास, ४७ मिमी राहिला आणि खडबडीतपणा दीड मिमी झाला. एफ ०.०५९, घर्षण ९.५ मीटर, फिटिंग २.४, एकूण जवळपास १२. नव्या पाइपाच्या तिप्पट. प्रत्यक्षात पंप तेवढा जोर लावू शकत नाही, त्यामुळे पाणी कमी येतं, टाकी भरायला वेळ लागतो, आणि सगळे म्हणतात पंप म्हातारा झाला. नवा पंप आणला तरी महिन्याभरात तीच तक्रार.

हे शोधायची पद्धत अशी. एनआरव्हीच्या वरच्या बाजूला डिलिव्हरी पाइपावर चांगला मोठ्या डायलचा शून्य ते सहा किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो) प्रेशर गेज बसवा. पंप बंद असताना पाइप भरलेला असेल आणि एनआरव्ही गळत नसेल तर गेज फक्त उंची दाखवतो, समजा २.७. पंप चालू करून स्थिर झाल्यावर बघा, समजा ३.५. फरक ०.८ किलो, म्हणजे ८ मीटर, आणि हे सगळं गेजच्या पुढचं घर्षण. त्याच वेळी टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी किती वेळात किती चढलं ते घ्या, दुपारी वापर कमी असतो तेव्हा हे सोयीचं पडतं, आणि आधी नोटीस लावा नाहीतर लोक ओरडतील.

समजा तासाला १०,००० लिटर आले. ५३ मिमीत वेग १.२६, वेगाचं हेड ०.०८१. गेजच्या पुढे सात एल्बो आणि एक गेट, के ६.५, ते अर्धा मीटर. राहिले ७.५ मीटर, पाइप ३७ मीटर. उलटा हिशोब: एफ = ७.५ ÷ (६९८ × ०.०८१) = ०.१३.

आता हा आकडा वाचायला शिका. नव्या जीआयला ०.०२७ च्या आसपास. ०.०४ ते ०.०७ असेल तर भिंत गंजलीय, बोअर अजून बरा आहे. पण मूडीच्या चार्टवर कितीही खडबडीत पाइप घेतला तरी एफ ०.०७ च्या फार पुढे जात नाही, त्यामुळे ०.१३ नुसत्या खडबडीतपणाने येऊच शकत नाही. एक तर कुठलातरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, किंवा बोअरच बुजलाय. आधी व्हॉल्व्ह बघा, गेट व्हॉल्व्हचा स्पिंडल फिरतो पण आतली झडप तुटून खाली लोंबकळत असते असं पुष्कळदा होतं. व्हॉल्व्ह ठीक निघाले तर बोअर काढा: खरा एफ ०.०६ धरा, ०.१३ ÷ ०.०६ = २.२, त्याचं पाचवं मूळ १.१७, आणि ५३ ÷ १.१७ = ४५ मिमी. म्हणजे चारी बाजूंनी चारेक मिमी गंज. गच्चीजवळच्या किंवा पंपाजवळच्या एका युनियनला (खोलता येणाऱ्या जोडाला) लाइन खोलून व्हर्नियरने हा ४५ खरा आहे का बघा, आणि जो निघेल तो पायरी १ मध्ये टाकून सगळा हिशोब परत करा, मग ठरवा पंप बदलायचा की पाइप.